मडगार्डची कड आणि दोन बोटांची जागा



दिल्लीच्या पोस्टिंगवरून काही लिहितो म्हटलं की वाचणाऱ्याला परेड, इंडिया गेट, थंडीतलं धुकं यांची अपेक्षा असते. आज विषय वेगळा आहे. गाडी खाली बसवायची, मग टायर मडगार्डला घासतो म्हणून मडगार्डची कड दुमडायची किंवा कापायची, हा जो उद्योग आपल्या तरुण पोरांनी चालवला आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे. माझी नोकरी एमटीची, म्हणजे आयुष्य गाड्यांखाली गेलेलं. त्यामुळे हा विषय माझ्या हक्काचा आहे असं समजा.

आधी जागा सांगतो. उत्तर दिल्लीत रिजच्या टेकडीवर हिंदूराव नावाचं मोठं इस्पितळ आहे आणि टेकडीच्या खाली बाडा हिंदूराव नावाची गजबजलेली वस्ती. नाव ऐकून आपले लोक थबकतात. थबकायलाच हवं, कारण हा हिंदूराव आपल्या मातीतला, कागलच्या घाटगे घराण्यातला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा हा भाऊ. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला, त्यानंतर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांकडे आला आणि ते तिथे राहिले. १८५७ च्या वेढ्यात हाच बंगला इंग्रजांच्या आघाडीचं ठाणं होता. मेजर रीडच्या सिरमूर पलटणीतल्या गुरख्यांनी तो महिनोन्‌महिने लढवला. माणसं गेली, राज्यं गेली, कागलकरांचं नाव मात्र दिल्लीच्या बसवर आजही लिहिलेलं असतं.

आज त्या टेकडीभोवतीची दुनिया गाड्यांची आहे. आझाद मार्केटात ताडपत्र्या, तंबू आणि फौजी जुना माल. पुढे मोरी गेट आणि कश्मीरी गेट, जिथे मोटारीच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. दुसऱ्या अंगाला करोल बाग, जिथे अलॉय व्हील, सीट कव्हर, दिवे, भोंगे, जे म्हणाल ते मिळतं आणि रस्त्यावरच बसवून मिळतं. गंमत अशी की तिकडे हिंदूरावांचं मूळ गाव कागलही आता पंचतारांकित एमआयडीसीचं गाव झालं आहे, आणि शेजारच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोलीच्या फाउंड्र्यांपर्यंत लोखंडाशी खेळणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणजे गाडीचा नाद दोन्ही टोकांना सारखाच.

युनिटमधली पोरं रविवारी आउटपास काढून या बाजारात जातात. कुणी कँटीनच्या दरात नवी गाडी घेतलेली असते, कुणी गावाकडच्या भावासाठी सामान बघत असतो. हल्ली सगळ्यांची एकच फर्माईश: गाडी खाली बसलेली दिसली पाहिजे, चाक मडगार्डच्या आत भरलेलं दिसलं पाहिजे. स्प्रिंगा बदलल्या, रुंद टायर चढवले, की पहिल्याच गतिरोधकावर मागून 'खर्रर्र' आवाज येतो. मग दुकानदार म्हणतो, "भाईसाब, फेंडर रोल करा दो, आवाज बंद हो जाएगी."

माझं मत इथेच सांगून टाकतो. आवाज बंद होईल, हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पण तो आवाज म्हणजे गाडीची तक्रार होती. कड दुमडून तुम्ही तक्रार मिटवली की फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं, हे तपासल्याशिवाय गाडीत आईवडिलांना बसवू नका. कड दुमडणं हे वाईट काम नाही. पण ते शेवटचं काम आहे, आणि आपल्याकडे ते पहिलं म्हणून केलं जातं.

आता टायर घासतो का ते बघू. चाकावरच्या पत्र्याला आपण मडगार्ड म्हणतो, शोरूमवाले फेंडर म्हणतात. त्याची कमान बाहेरून गुळगुळीत दिसते, पण खालून हात घातला तर आतल्या बाजूला वळलेली पत्र्याची एक पट्टी लागते. साधारण बोटभर रुंद. ही पट्टी शोभेची नाही. तिच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि बऱ्याच गाड्यांत चाकामागचं प्लॅस्टिकचं अस्तर तिलाच स्क्रूने अडकवलेलं असतं. चाक वर आलं की टायरचा खांदा, म्हणजे वरचा पृष्ठभाग आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तो भाग, सगळ्यात आधी या पट्टीला किंवा त्या स्क्रूला लागतो.

कंपनीने गाडी बनवताना चाकाला वर यायला काही जागा ठेवलेली असते. हिशेबासाठी धरू की चालक एकटा बसला असताना मागचं चाक आणखी ८० मिलिमीटर वर येऊ शकतं. आता गाडीत पाच माणसं बसली, प्रत्येकी ६५ किलो, वर ५० किलो सामान. झाले ३७५ किलो. त्या वजनाने मागचा भाग समजा ३० मिलिमीटर खाली बसला. उरले ५०. आता त्यात गाडी ४० मिलिमीटर खाली बसवा. उरले १०. कडक स्प्रिंग घातली तर वजनाने ती थोडी कमी दबेल, म्हणून हा आकडा थोडा वाढेल. पण 'थोडा'च. त्या एवढ्याशा जागेत तुम्हाला खड्डा, गतिरोधक, घाटातलं वळण आणि पुलाचा जोड हे सगळं बसवायचं आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकासाठी मापं ठरवून दिली: ३.७ मीटर लांबीचा गोलसर उंचवटा, मध्ये १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात निघावी असा. तुमच्या गावच्या शाळेसमोरचा गतिरोधक आठवा आणि या मापाशी ताडून बघा. आपल्याकडे हातभर रुंदीचा आणि वीतभर उंचीचा डांबराचा बांध घालतात. गाडी खाली बसवताना रस्ता असा आहे हे धरूनच हिशेब करायला हवा.

दुसरं कारण चाकाचं. अलॉय व्हीलवर आतल्या बाजूला 'ईटी' असं लिहून पुढे एक आकडा असतो. त्याला ऑफसेट म्हणतात. हबला टेकणारी चाकाची बैठक चाकाच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते त्यावरून कळतं. समजा मूळ चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. तुम्ही घेतलं ७ इंच रुंद आणि ईटी ३५. एक इंच रुंदी वाढली तिची निम्मी, म्हणजे १२.७ मिलिमीटर, बाहेर आली. ऑफसेट कमी झाला त्याचे आणखी १०. एकूण चाकाची बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर सरकली. आणि मडगार्डची पट्टी पूर्ण दुमडून तुम्हाला मिळणार किती? मिळून मिळून एक-दीड सेंटिमीटर. जागा कमवायला गेलात आणि बाजारातून परत येताना तोट्यात आलात.

टायरच्या मापाचंही तसंच. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर भरतो. १९५/५५ आर १६ घेतला तरी व्यास जवळपास तेवढाच राहतो. पण २०५/५५ आर १६ घेतला तर व्यास १० मिलिमीटरने वाढतो आणि रुंदीही २० ने वाढते. दुकानात दोन्ही टायर '१६ इंची' म्हणूनच दाखवतात. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायला पाच मिनिटं लागतात. बाजूच्या भिंतीची उंची म्हणजे रुंदीच्या तेवढे टक्के, तिची दुप्पट करा आणि रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा. शाळेतलं गणित आहे.

पुढचं चाक आणि मागचं चाक यांत फरक आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाही. पुढचं मडगार्ड बोल्टने बसवलेला वेगळा पत्रा असतो. बिघडलं तर बदलता येतं. पुढे चाक वळतं, त्यामुळे पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर ते बऱ्याचदा अस्तराला किंवा बंपरच्या जोडाला घासतं. तिथे कड दुमडून काहीच उपयोग नाही. मागचं मडगार्ड मात्र गाडीच्या अंगाचाच भाग असतं. बाहेरचा पत्रा आणि आतला चाकघराचा पत्रा कडेला एकत्र आणून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि मधल्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून सीलर भरलेला असतो. ती कड ग्राइंडरने कापली की जोडच उघडा पडतो. पहिल्या पावसाळ्यात पाणी शिरतं, दुसऱ्यात गंज धरतो. कोकणात खाऱ्या हवेत तर विचारायलाच नको.

आणखी एक. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या बाजूला टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला धरून. पुढची चाकं गाडी खाली बसली की वरच्या बाजूने थोडी आत झुकतात, त्यामुळे मडगार्डपासून जरा दूर जातात, आणि टायरची आतली कड जास्त झिजते. ॲलाइनमेंटवाला काही प्रमाणात ते सांभाळू शकतो. मागे तशी सोय नसते. चाक सरळ वर येतं आणि सरळ कडेला लागतं. आणि कुटुंब बसतं ते मागेच.

आता कारागिरीबद्दल. दिल्लीच्या डेंटर लोकांच्या हाताला मी मानतो. चेपलेला पत्रा ठोकून असा सरळ करतात की रंग नसतानाही डोळ्यांना लहर दिसत नाही. मडगार्डची कड दुमडायची योग्य रीतही त्यातल्या जाणकारांना माहीत आहे. गाडी स्टँडवर घ्यायची, चाक काढायचं, अस्तर आणि त्याचे स्क्रू सोडवायचे. हबवर एक लोखंडी हात बोल्टने कसायचा, ज्याच्या टोकाला कडक रबरासारखा रोलर असतो. गरम हवेच्या गनने रंग तापवायचा, हात ठेवला तर चटका बसेल इतपत, उकळेल इतका नाही. थंड रंग दुमडताना तडकतो. मग रोलर पुढेमागे फिरवत एकेका फेरीत थोडी थोडी कड आत न्यायची. एकदम नाही. शेवटी आतून सीलर आणि गंजरोधक लेप. त्या जागी आधी कधी पुट्टी भरलेली असेल तर हे काम करूच नये, पुट्टी फुटून निघते.

हे झालं नीट काम. दुसरी पद्धत म्हणजे टायर आणि मडगार्डच्या मध्ये लोखंडी पाइप किंवा क्रिकेटची बॅट घालायची आणि गाडी ढकलत पुढेमागे करायची. दहा मिनिटांत काम, आणि कडेला आयुष्यभराच्या लाटा. तिसरी म्हणजे ग्राइंडर. ठिणग्या उडाल्या, पट्टी गेली, काळा रंग मारला, पैसे द्या. आणि मागे उरली ती पत्र्याची उघडी धार. दुमडलेल्या कडेला टायर लागला तर घासतो. कापलेल्या धारेला लागला तर चिरतो.

आमच्याकडच्या एका पोराच्या गाडीचं असंच झालं. गाडी त्याची, पण तो इकडे आणि गाडी गावाकडे, धाकट्या भावाच्या ताब्यात. भावाने तालुक्याच्या गावी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली आणि मागची कड ग्राइंडरने उडवली. गणपतीच्या सुट्टीत पोरगा घरी गेला, आईवडील, बायको आणि लेकराला घेऊन देवाला निघाला. घाट उतरताना मागून वास यायला लागला. नशीब, वेग कमी होता. उतरून बघतो तर टायरच्या खांद्यावर बोटभर लांब चीर, आतले धागे दिसताहेत. मला त्याने फोटो पाठवला. मी त्याला एकच विचारलं, गाडी एकट्याने चालवताना आवाज येत होता का? म्हणाला, "नाही उस्ताद, एकट्याने चालवली तर काहीच नव्हतं." हेच तर दुखणं आहे. दुकानातून गाडी बाहेर काढताना ती रिकामी असते. चाचणी रिकाम्या गाडीची होते, आणि धोका भरलेल्या गाडीला.

खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर चिरलेल्या टायरला पंक्चरवाला जोड देऊ शकत नाही. दुरुस्ती होते ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात. बाजूची भिंत सतत वाकते, तिथे ठिगळ टिकत नाही. आता समृद्धी महामार्गाचा विचार करा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, मोटारीला ताशी १२० ची मुभा, सिमेंटचा रस्ता आणि विदर्भाचं ऊन. तिथे खांदा चिरलेला टायर किती वेळ दम धरेल? घाटात त्या पोराला थांबायला वेळ मिळाला. १२० च्या वेगात तो मिळत नाही.

कापलेल्या स्प्रिंगेबद्दलही सांगतो, कारण मडगार्डचं प्रकरण तिथूनच सुरू होतं. स्प्रिंगचा वेढा कापला की ती आखूड होते आणि कडकही होते. पण आखूड झाल्यामुळे चाक खाली लोंबतं तेव्हा, म्हणजे खड्ड्यावरून उडताना किंवा जॅक लावल्यावर, ती बैठकीत सैल पडू शकते आणि परत बसताना वाकडी बसू शकते. काही ठिकाणी तर स्प्रिंग गॅसने तापवून बसवतात. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात ठरलेल्या तापमानाला पाणी दिलेलं असतं. ते तुम्ही रस्त्याच्या कडेला टॉर्चने उतरवता. अशी स्प्रिंग मोडेल ती सांगून मोडणार नाही.

फौजेत गाड्यांमध्ये बदल होत नाहीत असं नाही. होतात. जिप्सीवर रेडिओ चढतो, ट्रकवर शेल्टर बसतं. पण बदल लेखी हुकुमाने होतो. कुणीतरी वजन मोजलेलं असतं, कुणीतरी स्प्रिंग तपासलेली असते, आणि बदल कागदावर नोंदला जातो, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्या ड्रायव्हरला कळतं की या गाडीचं काय केलं आहे. युनिटच्या मर्जीने कुणी लोखंड कापत नाही. नवीन ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात शिकवतात की गाडीला हात लावण्याआधी तिच्याखाली जाऊन बघ. सस्पेन्शनचा शेवटचा दोन बोटं प्रवास म्हणजे राखीव तुकडी. रोज लागत नाही, म्हणून ती मोडीत काढायची नसते. ज्या दिवशी लागते, त्या दिवशी दुसरं काही उपयोगी पडत नाही. हीच पोरं ड्युटीवर हे नियम तंतोतंत पाळतात आणि स्वतःच्या गाडीला हात लावताना विसरतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, आणि बदल म्हणजे काय तर गाडीच्या बांधणीत असा फेरफार, की ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'मालकाला' हा शब्द नीट वाचा. गावाकडे भावाने बदल केला तरी आरसीवर नाव तुमचं आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो तो वेगळाच.

आता दुसरी बाजू. आमच्या पिढीतले बरेच निवृत्त लोक म्हणतात, हे सगळे फालतू नाद, मोबाइल आणि रील बघून पोरं बिघडली. मला हे पटत नाही. जो पोरगा ऑफसेट म्हणजे काय हे शोधतो, स्वतः चाक काढतो, स्प्रिंगचा दर वाचतो, तो शिकतो आहे. उद्या तोच चांगला कारागीर होईल. गाडी खाली बसवण्यात तांत्रिक अर्थही आहे. वजनाचा मध्यबिंदू खाली आला की गाडी वळणावर कमी झुकते, हे भौतिकशास्त्र आहे. शर्यतीच्या गाड्या उगाच खाली नसतात. पण शर्यतीचा रस्ता सपाट असतो, गाडीत एकच माणूस असतो आणि प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी टायर बघतं. आपल्या गाडीत लग्नाला जाणारी सात माणसं कोंबलेली असतात आणि टायर बघितला जातो तो पंक्चर झाल्यावर.

म्हणून ज्याला हौस आहे त्याने निदान क्रम पाळावा. सुरुवात टायर आणि चाकापासून. मूळ व्यास आणि मूळ ऑफसेटच्या जवळ राहा. निम्मी घासाघीस इथेच संपते. मग अस्तराचे स्क्रू बघा, कारण पुष्कळदा टायर चिरणारा गुन्हेगार पत्रा नसून कडेला डोकावणारा एक स्क्रू असतो. मग बंप स्टॉप बघा. शॉकपच्या दांड्यावर असलेला तो रबरी ठोकळा चाकाला ठरावीक उंचीच्या वर येऊ देत नाही. तो फाटलेला, कापलेला किंवा गायब असेल तर आधी तो नीट करा. गाडी आधीच खाली बसवलेली असेल तर मूळ स्प्रिंगा परत घालण्याचा विचार करा. कमीपणा वाटून घेऊ नका, पाच सेंटिमीटरने कुणाची इज्जत जात नाही.

एवढं करूनही घासत असेल तर मोजा. मोजण्याची सोपी रीत सांगतो. कडेच्या आतल्या बाजूला चार-पाच ठिकाणी घट्ट कणकेच्या गोळ्या चिकटवा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघा ओढा. गाडीत पाच माणसं किंवा तेवढ्या वजनाची पोती टाका. मोकळ्या मैदानात गतिरोधकावरून सावकाश न्या, मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून न्या. उतरून बघा: कुठली गोळी चपटी झाली, कुठली रेघ पुसली गेली. जिथे लागतं तेवढीच जागा तुम्हाला हवी आहे. मग ती रोलरने, गरम करून, जाणकाराकडून दुमडून घ्या. ग्राइंडर कुणी हातात घेतला तर चावी परत मागा. आणि काम झाल्यावर हीच चाचणी पुन्हा, भरलेल्या गाडीने. कणकेची गोळी चपटी झाली तर काम झालेलं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

सरकारकडूनही एक मागणं आहे. नुसता दंड लावून हा नाद थांबणार नाही, तो गल्लीबोळात लपतो आणि जास्त धोकादायक होतो. जर्मनीत गाडी खाली बसवायच्या स्प्रिंगा तपासणी संस्थेच्या कागदासह विकल्या जातात, बसवल्यावर तपासून घेता येतात आणि गाडीच्या कागदात नोंदता येतात. जपानमध्ये सक्तीच्या तपासणीत गाडीचा खालचा भाग जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर वर असावा लागतो. नियम आहे, माप आहे, म्हणून कारागिरालाही कळतं की कुठे थांबायचं. आपल्याकडे हौशी पोरगा आणि चांगला डेंटर दोघांनाही विचारायला जागा नाही. आरटीओच्या तपासणी केंद्रात पैसे भरून 'हा बदल चालेल की नाही' असं विचारता आलं, तर निम्मे ग्राइंडर आपोआप बंद पडतील. हाच फौजेतल्या लेखी हुकुमाचा अर्थ आहे: बदल करा, पण कुणीतरी मोजून सही करू दे.

शेवटचं माझ्या निवृत्त भावांसाठी. तुमच्या दारात मुलाची किंवा पुतण्याची गाडी उभी असेल, तर रागावू नका, भाषण देऊ नका. गाडी बंद आणि टायर थंड असताना मागच्या मडगार्डखाली हात घाला आणि कडेवरून सावकाश फिरवा, जपून, कारण कापलेली असेल तर बोटालाही लागेल. मग टायरच्या खांद्यावरून बोट फिरवा, आतल्या बाजूनेही. गुळगुळीत चकाकणारा पट्टा किंवा चीर लागली, तर मुलाला हाक मारा आणि त्याचं बोट तिथे ठेवा. गाडीतलं त्याला कळतं, म्हणूनच तर त्याने ती खाली बसवली आहे. बोटाला लागलेली चीर त्याला कुणी समजावून सांगावी लागणार नाही. टायर बदलून होईपर्यंत त्या गाडीतून कुणी कुठे जायचं नाही, एवढा हुकूम मात्र तुम्ही द्या. तो द्यायचा अधिकार तुम्ही नोकरी करून मिळवला आहे.

जय हिंद.